श्वासाच्या जागा

रील नावाच्या धुनेत थांबायला जागाच नसते. दोन छोटे भाग, प्रत्येक भाग दोनदा, की पुन्हा पहिल्यापासून. सगळा फेरा अर्ध्या-पाऊण मिनिटात उरकतो आणि एक सूर संपायच्या आत पुढचा दारात हजर असतो. फिडलवाल्याला, म्हणजे व्हायोलिनवाल्याला, याचं काही वाटत नाही. गज वर गेला की खाली येतो, खाली आला की वर जातो, आणि वाजवता वाजवता तो शेजाऱ्याकडे बघून हसूही शकतो. पंचाईत होते ती बासरीवाल्याची. त्याला दम घ्यावाच लागतो, आणि धून बांधणाऱ्याने त्याच्यासाठी कुठेही विसावा ठेवलेला नाही. मग तो एखादा सूर गाळतो आणि त्या पोकळीत छाती भरून घेतो. कुठला सूर गाळायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं. कच्च्या वादकाने गाळला तर धून अडखळते. मुरलेल्याने गाळला की त्या गाळण्यातूनच ठेका उभा राहतो, नाचणाऱ्याचा पाय तिथेच आपटतो.

फ्रँकी केनेडी मुरलेल्यांपैकी होता.

'आयलंड एंजल' हा आल्टन या आयरिश गटाचा 1993 सालचा अल्बम. फ्रँकीची बासरी असलेला गटाचा हा शेवटचा अल्बम. 19 सप्टेंबर 1994 रोजी तो कर्करोगाने गेला, तेव्हा त्याचं वय जेमतेम 38 होतं. हा अल्बम लावला की माझा कान आपोआप त्या गाळलेल्या सुरांच्या मागे जातो. धून काय, कुणीही वाजवील. ती त्याच्या आधीही होती आणि नंतरही आहे. तो स्वतः मला सापडतो दोन सुरांच्या मधे, जिथे तो काहीच वाजवत नाही, नुसता श्वास घेतो.

बासरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बांबू येतो. ही बासरी वेगळी. बहुतेकदा आफ्रिकन ब्लॅकवुडसारख्या काळ्या, जड, घट्ट लाकडाची, तीन-चार तुकड्यांत सुटी होणारी, सांध्यांना दोरा किंवा बूच गुंडाळलेलं, आतून शेवटाकडे निमुळती होत गेलेली. बोटांखाली सहा भोकं. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या वाद्यवृंदांत अशाच बासऱ्या वाजत होत्या. मग थिओबाल्ड बोएम या जर्मन माणसाने 1847 साली सरळ नळीची आणि चाव्यांची नवी बासरी काढली, आणि हळूहळू शहरातल्या वादकांना जुनी लाकडी बासरी नकोशी झाली. शहराने टाकलेलं ते वाद्य आयर्लंडच्या खेड्यांनी उचललं आणि त्यातून भलतंच काही काढलं. तळाचा 'डी' नीट फुंकला तर तो गोड लागत नाही, खरखरत उठतो, जवळजवळ भुंकतो. वाजवून झालं की नळीच्या आत पाणी साचलेलं असतं. काठीला फडकं गुंडाळून ते पुसावं लागतं, मधूनमधून लाकडाला तेल द्यावं लागतं, नाहीतर ते तडकतं. रात्रभर वाजवलेल्या रील्समधलं हाताला लागेल असं शेवटी एवढंच उरतं, वादकाच्या श्वासाचं झालेलं पाणी.

फ्रँकीच्या हातात हे वाद्य उशिरा आलं. तो बेलफास्टचा, जन्म 1955 चा. म्हणजे ऐन वयात आला तेव्हा शहरात बॉम्ब फुटत होते, गल्लीच्या तोंडाला सैनिक उभे होते. उन्हाळ्यात तो पश्चिमेला डोनेगॉल काउंटीतल्या ग्वीडोरला यायचा. अटलांटिकच्या काठावरची ही पसरट वस्ती. खडक, पीट खणलेल्या काळ्या जमिनी, आणि घराघरांत अजून बोलली जाणारी आयरिश भाषा. तिथे त्याला मरेड नी वीनी भेटली. शाळकरी वयाची, फिडल वाजवणारी, गळ्यात जुनी गाणी असलेली मुलगी. तिचे वडील प्रोइन्शस हे शिक्षक आणि गावातले नामांकित फिडलवादक. त्या घरात वावरायचं तर हातात काहीतरी वाद्य असलेलं बरं. फ्रँकीने आधी टिन व्हिसल उचलली, मग अठराव्या वर्षाच्या सुमाराला बासरी. प्रेमात पडलेली पोरं कविता करतात. हा दमसास कमवायला बसला.

1981 साली त्यांचं लग्न झालं. दोघंही पेशाने शिक्षक. पुढे वाजवण्यासाठी दोघांनी शिकवणं सोडलं. 1983 साली दोघांच्या नावावर पहिला अल्बम निघाला, 'क्योल अडुई', म्हणजे उत्तरेचं संगीत. त्यावर सिंथेसायझर वाजवणारी मुलगी ग्वीडोरचीच होती. पुढे ती एन्या या नावाने जगभर गेली, तो भाग वेगळा. मग 1987 साली 'आल्टन'. ग्वीडोरच्या मागे एरिगल नावाचा 751 मीटर उंचीचा डोंगर आहे, पांढुरक्या दगडांची घसरण अंगावर घेऊन उभा असलेला. त्याच्या पलीकडच्या अंगाला एक खोल, एकाकी तळं आहे. अल्बमला त्या तळ्याचं नाव दिलं, आणि अल्बमचं नाव गटाला चिकटलं.

या दोघांनी वाजवायला घेतलं ते संगीत तेव्हा कुणी डोक्यावर घेतलेलं नव्हतं. आयरिश संगीत म्हटलं की लोकांच्या तोंडी स्लायगो, क्लेअर, केरी. डोनेगॉलचं वाजवणं त्यांना जरा रांगडं वाटायचं, आणि जरा परकंही, फारच स्कॉटिश. आरोप खोटा नव्हता. डोनेगॉलची जमीन पोट भरण्याइतकी कधीच नव्हती. पिढ्यान्पिढ्या तिथली माणसं हंगामात बोटीने स्कॉटलंडला बटाटे काढायला जायची आणि परतताना मजुरीबरोबर धुनाही आणायची. तिथली स्ट्रथ्स्पे नावाची नाचाची धून इथे आली, तिच्यातून हायलंड नावाचा नाच निघाला. स्कॉटिश फिडलवादक जेम्स स्कॉट स्किनरच्या तबकड्या डोनेगॉलच्या घरांत ऐकल्या जायच्या. डोनेगॉलमध्येच जॉन डोहर्टी नावाचा फिरस्ता कलईवाला-पत्रेकामवाला होता, 1980 साली वारला. डबे, बादल्या सांधत गावोगाव जायचा आणि रात्री मुक्कामाच्या घरी फिडल वाजवायचा. त्याच्या घराण्यातली माणसं पत्र्याची फिडलसुद्धा बनवत. त्याच्या गजाला लाडिकपणा ठाऊक नव्हता. एका सुराला एक ओढ, पुढच्या सुराला उलटी ओढ, सूर सुटे, टणक, नेमके. दक्षिणेकडच्या हरकती-मुरक्यांच्या मानाने हे फार कोरडं वाटतं पहिल्यांदा. दुसऱ्यांदा ऐकताना पाय आपला राहत नाही.

'आयलंड एंजल'मध्ये ही सगळी माणसं आहेत, आणि तीही नावानिशी. अल्बमच्या पाठीवरची यादी वाचली तर ती गावच्या हजेरीपटासारखी लागते. एकापाठोपाठ वाजणाऱ्या धुनांच्या पहिल्याच संचातली पहिली धून टॉमी पीपल्सच्या नावाची, डोनेगॉलचा तो थोर फिडलवाला. त्याच संचात पुढे फिंटन मॅकमॅनसची. हायलंडच्या संचात जॉन डोहर्टीची. कुठे मिसेस मॅगी, कुठे बिग जॉन. जिग नावाच्या नाचाच्या धुनांच्या संचात अँडी द जार्लिस, कॅनडातल्या मॅनिटोबाचा मेटी फिडलवाला, आणि त्याला लागून इंगोनिश, म्हणजे केप ब्रेटन बेटावरचं एक गाव. जहाजांत बसून गेलेल्या माणसांच्या धुना शंभर-दीडशे वर्षांनी परत येतात, आणि ग्वीडोरचं पोर त्या आपल्याच समजून वाजवतं. धून कोणी बांधली हे बऱ्याचदा कोणाला ठाऊक नसतं. जिच्याकडून किंवा ज्याच्याकडून कानावर आली त्याचं नाव तिला लागतं. माणूस जातो, तोंडी नाव राहतं. बैठकीत कोणी म्हणतं, आता टॉमी घेऊ, आणि टॉमी सुरू होतो. पीपल्स 2018 साली गेला, तरी यात काही फरक पडलेला नाही.

या संगीतात जो तो एकच धून वाजवतो. वाद्यवृंदात व्हायोलिनला एक ओळ, बासरीला दुसरी, तसं इथे नाही. दोन फिडल, बासरी, सगळे त्याच सुरांवरून, त्याच वेगाने. मरेड आणि किअरन टुरिश यांची दोन फिडल कधीकधी एका सप्तकाच्या अंतराने जातात, एक वर, एक खाली. ही डोनेगॉलची जुनी रीत. खालून किअरन करनचं बूझुकी हे तंतुवाद्य, मार्क केली आणि डाही स्प्रूल यांच्या गिटारी जमीन धरून ठेवतात. आणि या सगळ्यांच्या मधे, फिडलच्या धारेला चिकटून, फ्रँकीची बासरी. ती वेगळी काढून ऐकायची म्हटलं तर कान फसतो. फिडलला धार असते, तिला अंग देते ती बासरी. ती आहे म्हणून फिडलचा आवाज जाड लागतो, उबदार लागतो, एवढंच कळतं. मग अचानक एका जागी तो आवाज क्षणभर पातळ होतो. फिडल तशाच पुढे जातात, तळचं लाकूड तेवढं निघून जातं आणि लगेच परत येतं. फ्रँकीने दम घेतला.

त्याच्या मरणाचा विचार मी याच रचनेतून करत आलो आहे. वाद्यवृंदातून एक वादक उठून गेला तर त्याची ओळ रिकामी पडते, सगळ्यांना कळतं. इथे तसं होत नाही. धून पुरीच्या पुरी राहते. एकही सूर कमी होत नाही. अनोळखी माणसाला ऐकवा, त्याला काही उणं वाटणार नाही. उणं होतं ते वाण, पोत, तो जाडपणा; आणि हे फक्त त्यालाच कळतं ज्याच्या कानाला आधीचं लागलेलं आहे.

अल्बमभर धावणाऱ्या धुनांच्या मधे मरेड गाते, आणि ती गायला लागली की सगळा गट जरा मागे सरतो. आवाज बारीक, उंच, त्यात थरथर नाही, आर्जव नाही. रडायचं काम ती ऐकणाऱ्यावर सोपवते. 'ब्रीज ओग नी वॉल्या'मध्ये दुसऱ्याशी लग्न ठरलेल्या ब्रीजसाठी एकजण झुरतो आहे. 'डूलमान' हे समुद्रशेवाळाचं गाणं, वरवर खेळकर, आतून सोयरीक जुळवण्याच्या वाटाघाटी. ते क्लॅनड या ग्वीडोरच्याच गटाने आधी प्रसिद्ध केलेलं. 'द जग ऑफ पंच' नसतं तरी माझं काही बिघडलं नसतं. या सोबतीत ते जरा बाजारातून आल्यासारखं वाटतं. पण 'अन वायजन वारा' हे जलपरीचं गाणं आहे, आणि या अल्बमचं काळीज मला तिथे वाटतं.

गोष्ट उत्तरेच्या सगळ्या किनाऱ्यांवर सांगितली जाते. माणूस जलपरीचं पांघरूण लपवतो, ती त्याची होते, संसार करते, लेकरं होतात. एक दिवस पांघरूण हाती लागतं आणि ती समुद्राकडे परत फिरते. गाणं सुरू होतं तोवर हे सगळं घडून गेलेलं आहे. उरलेलं आहे ते थकलेल्या आईचं आणि मुलीचं बोलणं, मधे पाणी. कोण दोषी, कोणी कोणाला फसवलं, गाणं विचारत नाही. जी जाते ती निष्ठुर नाही आणि जी मागे राहते ती नुसती बिचारी नाही. मरेड हे गाणं तिच्या मुलखात जसं गातात तसंच गाते, सरळ, कुठेही न रेंगाळता. नवऱ्याच्या अंगात काय वाढतंय किंवा डॉक्टर काय म्हणतायत, याचा मागमूस त्या आवाजात नाही.

इथे जपून चालायला हवं. आजार तोवर ठाऊक झालेला होता. उपचार चालू असताना फ्रँकी वाजवत होता, दौरे करत होता. हे कळल्यावर ऐकणारा लगेच बासरीत धाप शोधायला लागतो, प्रत्येक गाळलेल्या सुरात मरण ऐकायला लागतो. असा कान मला मान्य नाही. बासरीवाला दम घेतो कारण तो बासरीवाला आहे. धडधाकट वीस वर्षांचा पोरगाही तिथेच कुठेतरी घेतो. रील्समध्ये फ्रँकीची फुंक कुठेही खचलेली नाही. तळाचा सूर तसाच खरखरून उठतो. स्ट्रथ्स्पेमधले तुटक, उड्या मारणारे सूर तो असे टाकतो की त्याला मागे ओढणारं काही आहे हे सांगूनही पटणार नाही. आपण ज्याला शेवटचा अल्बम म्हणतो तो त्यांच्या लेखी पुढचा अल्बम होता. सहा माणसं स्टुडिओत जमली होती, संच कुठल्या धुनेवरून कुठल्या धुनेवर वळवायचा याच्या चर्चा करत होती. आधीच्या वर्षी 'हार्वेस्ट स्टॉर्म' निघाला होता. नाव होत होतं. अमेरिकेतली ग्रीन लिनेट कंपनी त्यांचे अल्बम काढत होती, सभागृहं भरत होती. शोक आपण नंतर नेऊन ठेवतो तिथे. अल्बम त्याला जबाबदार नाही.

एकच जागा अशी आहे जिथे माझा हा कडकपणा टिकत नाही. सगळ्या नाचाच्या धुना, सगळी गाणी झाल्यावर अखेरीस अल्बमच्याच नावाची संथ धून येते. तिच्यात शब्द नाहीत, नाचाचा ठेकाही नाही. संथ धुनेत बासरीवाल्याला सूर गाळायची गरज नसते. ओळ संपते, तो थांबतो, श्वास घेतो, पुढची ओळ धरतो. सबंध अल्बमभर ज्याने धावता धावता चोरून श्वास घेतला, त्याला घाई नसलेली ही एकमेव जागा. इतर कुठल्या अल्बमच्या शेवटी ही धून असती तर मी ती सुंदर म्हणून ऐकली असती आणि पुढच्या कामाला लागलो असतो.

गट थांबवायचा नाही, असा फ्रँकीचा आग्रह होता. आग्रह पाळला गेला. गटात नवा माणूस आला तो डर्मट बर्न, डोनेगॉलचाच, अकॉर्डियनवाला. बासरीच्या जागी बासरी आणली नाही, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. अकॉर्डियन हाही वाऱ्यावर चालणारा बाजा, पण त्याचा भाता माणसाच्या छातीबाहेर असतो. भाता उघडतो, मिटतो, दोन्ही वेळा सूर देतो; त्याला काही गाळावं लागत नाही. 1996 साली व्हर्जिन कंपनीने 'ब्लॅकवॉटर' काढला. मोठी कंपनी, मोठा बाजार, आवाज आणखी घट्ट, आणखी चकचकीत. त्यात मरेडने स्वतः बांधलेली एक धून आहे, तिचं नाव 'अ ट्यून फॉर फ्रँकी'. टॉमी पीपल्स, जॉन डोहर्टी, मिसेस मॅगी यांच्या यादीत आणखी एक नाव चढलं. बेलफास्टहून उन्हाळ्याला आलेला पोरगा डोनेगॉलच्या हजेरीपटावर आला.

ग्वीडोरच्या लोकांनी आणखी एक केलं. तो गेला त्याच हिवाळ्यात, नाताळ आणि नववर्षाच्या दरम्यान, त्यांनी त्याच्या नावाने संगीताची शाळा भरवली. हिवाळा, म्हणजे चार वाजता अंधार, समुद्रावरून आडवा पाऊस, पाहुण्यांनी येऊ नये असाच सगळा बेत. तरी दर वर्षी लोक येत राहिले. दिवसा वर्ग, रात्री मैफली आणि पबमध्ये पहाटेपर्यंत बैठका. वीस हिवाळे ती शाळा त्याच्या नावाने चालली. मग 2014 उजाडताना त्या नावाचा शेवटचा वर्ग भरला आणि पुढे शाळा ग्वीडोरच्या नावाने सुरू राहिली. वीस वर्षं एका माणसाचं नाव वापरून मग ते हळूच उतरवून ठेवणं, यात मला त्या गावाचा तोल दिसतो. पुतळा केला असता तर तो उभाच राहिला असता.

पण अल्बम ही चीज या सगळ्या रीतीच्या विरुद्ध जाते, आणि माझं दुखणं तिथे आहे. परंपरेला धून चालती हवी असते. प्रत्येक हातात ती जराशी बदलावी, एका मुलखातून दुसऱ्यात जावी, नाव बदलावं, सूर झिजावा, नवा फुटावा. ध्वनिमुद्रण तिला एका दुपारी, एका खोलीत खिळवून टाकतं. जुने वादक म्हणूनच तबकड्यांकडे जरा संशयाने बघत आले. तबकडीवरचं वाजवणं लोक वेद मानतात आणि मग गावागावातला फरक मरतो, ही त्यांची तक्रार. खरी तक्रार आहे. धुनेच्या बाजूने बोलायचं तर 'आयलंड एंजल'ची गरज नव्हती. त्यातली 'फर्माना हायलंड' ही धून त्याच्यावाचूनही जगलीच असती. पण धून कोणाचाच श्वास साठवत नाही. तिच्या कुठल्याही वहीत, कुठल्याही स्वरलिपीत तो लिहिलेला नसतो, कारण तो धुनेचा भागच नाही. फ्रँकीने कुठला सूर सोडला, हे फक्त इथे आहे, 1993 च्या या एका फितीवर. परंपरेला न लागणारी तीच एक गोष्ट मला लागते.

आल्टन आजही वाजवतो. 2024 साली त्यांनी 'डोनेगॉल' नावाचाच अल्बम काढला, आणि मरेडचा आवाज आता वयाने जरा खाली उतरलेला, अधिक मोकळा आहे. दरम्यान, आयर्लंडमध्ये आणि आयर्लंडबाहेर कुठेकुठे लाकडी बासरी शिकणारी पोरं जुने अल्बम लावून, वेग अर्ध्यावर आणून, कानाने धुना उचलत असतात. वहीपेक्षा कान बरा, हे तिकडेही सांगितलं जातं. असं कानाने उचलणारं पोर सुरांबरोबर श्वासही उचलतं, अजाणता. ज्याची फीत ऐकली त्याने जिथे दम घेतला तिथेच तेही घेतं. कुठलाही बरा शिक्षक हे ओळखतो आणि पोराला मधेच थांबवतो: तिथे कशाला घेतोस, तुला अजून दम आहे की, पुढे घे.

पोर पुढे जातं, दोन सूर जास्त वाजवतं, आणि तिसरा गाळतं.